नाक्यावरची ओटी

"आणखी एक मूठ," आई म्हणाली, आणि शेजारच्या अक्काताईंनी माझ्या पदरात आणखी एक मूठ तांदूळ टाकले.

मी पाटावर बसले होते. मांडीवर माझी पाच महिन्यांची शालन, आणि तिच्या पुढ्यात पदराची झोळी. बाळंतपण उरकून मी सासरी सावंतवाडीला निघाले होते, म्हणून आईने गल्लीतल्या पाच सवाष्णी ओटी भरायला बोलावल्या होत्या. ओटीत पसाभर तांदूळ, खण, नारळ आणि हळकुंड असतं हे कुणीही सांगेल. माझ्या ओटीतला नारळ तांदळात बुडून गेला होता आणि त्याची नुसती शेंडी वर दिसत होती.

मला पोहोचवायला यायचं म्हणून आनंदामामा दारात चपला घालून उभे होते. ते हसायला लागले. "ताई, ही ओटी आहे का पोतं?"

"सवाष्णींनी भरलेली ओटी कुठल्या कायद्यात बसते, ते तुझ्या दाजींना विचार," आई म्हणाली. "पोरीचं उष्टावण आहे. मिलोची खीर करून घालायची का तिला?"

मामांचे दाजी म्हणजे माझे वडील, आबा. ते पुरवठा खात्यात इन्स्पेक्टर होते आणि पहाटेच नाक्यावर गेले होते. आजऱ्याच्या पुढे, आंबोलीच्या अलीकडे, जिथे आमचा जिल्हा संपायचा तिथे रस्त्याला आडवा बांबू टाकलेला होता. त्या दिवसांत परवान्याशिवाय तांदूळ जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. आजऱ्यात घनसाळ तांदळाचा वास शिवारभर सुटायचा, आणि घाटाखाली रेशनवर तांबडा मिलो, परदेशी ज्वारीचाच प्रकार, मिळायचा. बांबूच्या अलीकडे एक भाव होता आणि पलीकडे जवळजवळ दुप्पट. तो बांबू सांभाळायचं काम आबांचं होतं. आदल्या दिवशी जेवताना त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "माझ्या घरातून एक दाणा घाट उतरायचा नाही. हौसा, तुझी ओटी रीतीपुरती भरू दे."

त्यांची रीत आणि आईची रीत यांत बराच फरक निघाला.

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला आणि सगळ्यांची धांदल उडाली. आईने पदराची गाठ मारून ती माझ्या कमरेला घट्ट खोचली, शालनला काजळाची तीट लावली आणि मला जवळजवळ ढकलतच रस्त्यापर्यंत नेलं. गाडी सुटल्यावर ती एकदम मागे धावत आली. "हौसे, दाणे परत टाकायचे राहिले की गं."

ओटी भरून झाली की त्यातले चार दाणे परत ताटात टाकायचे असतात. म्हणजे लेक भरल्या ओटीने जाते आणि माहेरही रिकामं राहत नाही. आम्ही दोघीही ते विसरलो होतो. मी खिडकीतून हात हलवला खरा, पण माझ्या मनाला ते लागून राहिलं.

मामा शेजारी बसले. त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि तीत फक्त एक धोतर, टॉवेल आणि उष्टावणाला लागणारी चांदीची वाटी होती. उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा असतो. मला भाऊ नाही, म्हणून तो मान आईच्या भावाकडे आला होता. त्यांची हिरण्यकेशीच्या काठाला घनसाळची शेती होती, आणि तरीही त्यांनी बरोबर मूठभरसुद्धा तांदूळ घेतले नव्हते.

"मामा, तुम्ही कसे काय रिकामे?" मी विचारलं.

"दाजींच्या नाक्यावरनं मी तांदूळ नेणार नाही," ते म्हणाले. "त्यांच्याशी भांडीन, पण त्यांच्या नोकरीला धक्का लावणार नाही. तू पोरगी आहेस, तुझं वेगळं."

ते भांडतात हे सगळ्या आजऱ्याला माहीत होतं. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. आनंदामामांनीच आपल्या बहिणीचं स्थळ आबांना सुचवलं होतं. पण मामांना मुंबईहून येणाऱ्या कसल्याशा पुस्तिका वाचायचा नाद लागला आणि तेव्हापासून रविवारचं जेवण म्हणजे आमच्या घरी सभाच असायची.

"दाजी, किंमत म्हणजे हाक असते," मामा म्हणायचे. "घाटाखाली तांदूळ महागला म्हणजे ती माणसं हाक मारतायत, आम्हाला पाहिजे म्हणून. ती ऐकून इथला शेतकरी चार पोती जास्त पिकवील, आणि गाडीवानही आपणहून तिकडं जाईल. कुणी हुकूम सोडायला नको. तुम्ही त्या माणसांचं तोंड दाबून बसलाय."

"ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचा आवाज मोठा," आबा शांतपणे म्हणायचे. "ज्याच्याकडं नाही त्याची हाक कोण ऐकतो? ती रेशनचं दुकानच ऐकतं."

आबा हे पुस्तकातून शिकले नव्हते. युद्धाच्या वर्षांत, ते दहा-बारा वर्षांचे असताना, धान्य मिळेनासं झालं होतं. गावच्या व्यापाऱ्याने कोठार भरून ठेवलं होतं आणि तो भाव आणखी चढायची वाट बघत होता. आबांची धाकटी बहीण त्या पावसाळ्यात कंदमुळं खाऊन आजारी पडली आणि गेली. ते तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. पण भाताचं ताट समोर आलं की पहिला घास हातात धरून क्षणभर थांबायचे. मामा कितीही तावात असले तरी त्या क्षणी गप्प बसायचे. मग आई म्हणायची, "दोघांनी आधी जेवा, सरकार नंतर चालवा."

गाडी भरलेली होती आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आपण अगदी सहज कुठेतरी निघालोय असा. माझ्या पुढच्या बाकावरच्या गृहस्थाने कडक उन्हाळ्यात छत्री छातीशी उभी धरली होती आणि ती जराही तिरकी होऊ देत नव्हता. एका बाईची उशी हलली की खसखस वाजायची. माझ्या बाजूला, वाटेपलीकडच्या बाकावर एक म्हातारी होती. पांढरं कपाळ, काळसर लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. तिने मात्र काही लपवलं नव्हतं.

"कुणाकडं निघालाय आज्जी?" मी विचारलं.

"ल्योकाकडं. सावंतवाडीला छापखान्यात हाय. विषमज्वरातनं उठलाय." ती शालनकडे बघून हसली. "डाक्टर म्हन्तोय मऊ भात द्या. रेशनात मिलो मिळतोय, त्यो त्येच्या पोटात ठरंना. म्हनून आपल्या वाफ्यातला घेऊन निघाली."

तिचं नाव बायाक्का. पोटापुरतं शेत होतं आणि ते ती एकटीच करायची. पुढे नाका आहे हे तिला ठाऊक होतं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

बांबू आडवा होता. गाडी थांबली. आबा खाकी शर्टात, डोक्याला टोपी, आणि त्यांच्यामागे शिपाई गुंडू असे दोघे वर चढले. मला बघून आबांचे डोळे एकदम मऊ झाले. शालनने त्यांना ओळखलं आणि हात पुढे केले. त्यांनी तिच्या गालाला बोट लावलं, पण उचलून घेतलं नाही.

"कामात आहे गं," तिला म्हणाले, जसं काही तिला कळणार होतं.

मग तपासणी सुरू झाली. आबा कुणावर ओरडत नसत. "जरा बघू," म्हणत आणि बघत. छत्री उघडली तेव्हा त्या गृहस्थाच्या डोक्यावर तांदळाच्या अक्षता पडल्या आणि गाडीतली माणसं भीत भीत हसली. उशी उसवली. एकीच्या पोराच्या झबल्यांत पुरचुंडी निघाली, दुसरीच्या डब्यात भाकरीखाली. गुंडू एकेक जिन्नस खाली नेऊन रस्त्याकडेला ठेवत होता. आपलं कुठलं ते कळावं म्हणून बायका खिडकीतून बघत होत्या.

बायाक्काने पिशवी आपणहून उघडून धरली आणि लेकाचं आजारपण सांगितलं. जसं मला सांगितलं होतं तसंच, रडं न आणता. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजी, आजाऱ्यासाठी परवाना मिळतो. तहसीलला अर्ज करा, डॉक्टरांचा दाखला जोडा. मी शिफारस करतो."

"किती दीस लागत्यात?"

 आबांना ते माहीत होतं आणि त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी पिशवी घेतली आणि गुंडूकडे दिली. त्यांचा हात किंचित थांबलेला मी पाहिला.

मग ते माझ्यापुढे आले. ओटी काही लपण्यासारखी नव्हती. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. ही इन्स्पेक्टरची लेक आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

"हौसा," आबा म्हणाले, "गाठ सोड."

मामा उठून उभे राहिले. "दाजी, ती ओटी आहे."

"तांदूळ आहेत, आनंदा."

"सवाष्णीची ओटी बापानं काढून घ्यायची? असं कुठं ऐकलंय का?"

"मग आता त्या आजीची पिशवी का घेतली, ते तू सांग मला," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तिची घ्यायची आणि माझ्या पोरीची सोडायची? तूच सांग, मी ऐकतो."

मामा परत बाकावर बसले. मी शालनला त्यांच्याकडे दिलं आणि कमरेची गाठ सोडायला लागले. मला राग आला नव्हता. मला फक्त एवढंच वाटत होतं, की आईने या ओटीसाठी घरातला डबा खरवडलाय आणि शालनचं उष्टावण आता मिलोवर होणार. आणि माझ्या आबांनाच हे करावं लागतंय. गाठ घट्ट होती. 

मागच्या बाकावरून उशीवाली बाई म्हणाली, "नका वो सायेब. भरल्या ओटीला हात लावू नये."

आबांनी माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आडवाटेने घरी निघालेल्या पोरासारखं.

"गुंडू," ते म्हणाले, "बायकांचं जे जे उतरवलंय ते वर आण. हौसा, तुझ्याकडं कुंकवाचा करंडा आहे ना? भर ह्यांच्या ओट्या. पोत्यातल्या तांदळाला बंदी आहे. ओटीचं हुकुमात काही लिहिलेलं नाही."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि गाडीत एकच गलका झाला. बायकांनी पदर पसरले. मी एकेकीला हळदकुंकू लावत होते आणि तिचेच तांदूळ तिच्याच पदरात ओतत होते. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. छत्रीवाला गृहस्थ म्हणाला, "आम्हा बाप्यांचं काय?" तेव्हा आबासुद्धा हसले. मला वाटलं, सुटलो. सगळं नीट झालं. मामा माझ्याकडे बघून भुवया उडवत होते.

मी बायाक्काच्या बाकापाशी आले. हातात करंडा होता आणि तिचं कपाळ पांढरं होतं.

मी तिथेच थांबले. विधवेची ओटी भरत नाहीत.  एक बाई म्हणाली, "भर गं, कोन बघतंय." मीही मनाचा हिय्या करून तिची पिशवी उचलली आणि म्हणाले, "आज्जी, पदर घ्या."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "नको पोरी. तू चांगली हाईस. पन मला वटी नको." मग ती आबांकडे वळली. "सायेब, म्या ह्यो भात लावला, म्या कापला, म्या कांडला. माझ्या पोराला न्हेतिया. मला वटी नको, आन् तुमची चिट्टी बी नको. माझं हाय त्ये माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तेवढंच."

तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं आणि विनवणीही नव्हती. आबा तिच्याकडे बघत राहिले. ते काय शोधत होते ते मला ठाऊक होतं. सवाष्णींसाठी त्यांना एक वाट सापडली होती. आता विधवेसाठी दुसरी काढायची होती, मग छत्रीवाल्यासाठी तिसरी. उद्याच्या गाडीत आणखी कुणी येणार होतं, ज्याचा विचार कुणीच केलेला नसणार.

त्यांनी टोपी काढून काखेत धरली. बायाक्काची पिशवी माझ्या हातातून घेऊन तिच्या मांडीवर ठेवली.

"गुंडू," ते म्हणाले, "बाप्यांचंही देऊन टाक. ज्याचं त्याला. आणि बांबू उचल."

"सायेब, वर कळलं तर?"

"मीच कळवणार आहे. तू माझ्या हुकमानं उचललास, असं सांग."

ते खाली उतरले. मी शालनला घेऊन त्यांच्यामागे दारापर्यंत गेले.  बांबू वर जात होता, ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. एकदम आईचं बोलणं आठवलं. मी ओटीतून दाणे घेतले आणि दारातून वाकून त्यांच्या तळहातावर टाकले.

"घरी परत टाकायचे राहिले होते," मी म्हणाले. "माहेर रिकामं राहू नये म्हणून."

त्यांनी मूठ मिटली. गाडी हलली. वळण येईपर्यंत मला ते दिसत होते, एका हातात टोपी आणि दुसऱ्या हाताची मूठ तशीच मिटलेली. मागे गुंडू बांबू धरून उभा होता.

गाडीत मोठा आनंद चालला होता. कुणीतरी गूळ वाटला. मी डोळे पुसले आणि मामांना म्हणाले, "झालं ना तुमच्या मनासारखं? जिंकलात तुम्ही."

"गप बस," मामा म्हणाले. इतकं तोडून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी शालनला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या टाळूवर हनुवटी टेकवली. "तो माणूस तिथं एकटा उभा आहे, हौसा. त्याची बहीण त्याच्या डोळ्यापुढं गेली. मी पुस्तक वाचून बोलतो. आणि आज बांबू उचलला त्यानं." घाट उतरेपर्यंत ते बाहेर बघत होते.

आबांनी खरोखरच स्वतः कळवलं. खात्याने त्यांना घरी बसवलं. पुढे चौकशी झाली आणि परत घेतलं, ते एका टेबलावर, नाक्यावर नाही. पण ते नंतरचं. उष्टावणाच्या दिवसापर्यंत त्यांना कामावर परत घेतलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी दुपारी ते माझ्या सासरच्या दारात येऊन उभे राहिले.

मी त्यांना आधी ओळखलंच नाही. अंगावर खाकी नव्हतं. धोतर, पांढरा सदरा, आणि चेहरा जरा उतरलेला. लग्न झाल्यापासून ते माझ्या घरी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न बाप घेत नाही, ही जुनी रीत त्यांनी पाळली होती.

"नाक्यावर नवीन साहेब आहेत," आत येत ते म्हणाले. "चांगली झडती घेतात. माझाही रुमाल सोडायला लावला."

"रुमालात काय होतं?" मामांनी विचारलं.

आबांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि तो माझ्यापुढे धरला. मी दिलेले दाणे होते. मळले होते जरा.

"हे काय म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, जप्त केलेला माल आहे. विल्हेवाट लावायला घेऊन चाललोय." ते हसले, पण हसू पुरतं टिकलं नाही. "जाऊ दिलं बिचाऱ्यानं. वेडा समजला असेल."

चुलीवर खीर शिजत होती, आईने भरलेल्या ओटीतल्या घनसाळची. घरभर वास सुटला होता. मी ते दाणे धुतले आणि त्याच पातेल्यात टाकले.

मामांनी शालनला मांडीवर घेतलं आणि चांदीच्या वाटीतली खीर बोटाने तिच्या ओठांना लावली. तिने तोंड वेडंवाकडं केलं, थोडी बाहेर काढली, मग विचार बदलून पुन्हा तोंड उघडलं. आबांना रडू आवरलं नाही. त्यांनी ते लपवलंही नाही.

मग पानं मांडली. दोघे शेजारी बसले. आता सभा सुरू होणार म्हणून मी वाट बघत होते. आबांनी पहिला घास हातात धरला, नेहमीसारखे थांबले आणि म्हणाले, "आनंदा, तुझं सगळं बरोबर नाही. कोठारवाला व्यापारी मी अजून विसरलेलो नाही."

"विसरू नका," मामा म्हणाले.

"पण इतकी वर्षं मी गाठोडी सोडून बघतोय. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाच्या चुलीवर काय चढायचंय, ते एका गाठोड्यात दिसलं नाही मला. दिसणारही नाही. आणि मी ठरवत होतो, कुणाला किती." त्यांनी मामांकडे बघितलं. "त्या आजीला मी काय सांगायला हवं होतं रे?"

 मामांनी तुपाची वाटी उचलली आणि दाजींच्या भातावर धार धरली.

आबा जेवले. माझ्या घरी पहिल्यांदा जेवले, आणि भुकेल्या माणसासारखे जेवले. भात संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हौसा, वाढ गं थोडा."

मी पातेलं घेऊन त्यांच्यापुढे वाकले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी वाढत राहिले, आणि त्यांनी पानावर हात आडवा धरला तेव्हा थांबले.